शिवसागराच्या काठाने ओझर्डेकडे

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही सावर्ड्याची चार कुटुंबे मुलाबाळांसह निघालो. चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर करीत नवजाला पोचलो आणि अभयारण्यातल्या ओझर्डे धबधब्याकडे पायी लागलो. वर्षाला ५,००० मि.मी.च्या आसपास पाऊस झेलणारा हा मुलूख! जळवांसाठी मीठ जवळ ठेवावे. धबधब्याखाली मात्र पोरांना सोडू नये. वर पाऊस वाढला की ओढा पाहता पाहता फुगतो.

झाडांतून अधूनमधून शिवसागर दिसे. कोयना खरे तर पूर्वेला कृष्णेकडे जाते. पण धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला वळवून त्यावर वीज करतात, मग ते आपल्या वाशिष्ठीत येते. १३ मार्च १९९९ रोजी या जलाशयाच्या तळालाच सुरुंगाने भोक पाडून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेतले. पोरांना ऐकून नवल वाटले.

नवजाच्या चहावाल्या बाईने हात करून सांगितले, "आमच्या सासूबाईंचं म्हायार त्या पाण्याखाली हाय." धरणात अशी कितीतरी गावे गेली, माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली, कित्येकांच्या जमिनीचा प्रश्न अजून लोंबकळतोच आहे. सासूबाई घरातच होत्या. आमच्या घरच्या बायका त्यांच्यापाशी बसल्या, त्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवीपर्यंत.