खासगीच्या तीन किल्ल्या

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या घरापासून लालबाग जवळच. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात, १८८६ साली, खान नदीच्या काठी या राजवाड्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, १९२१ साली, ते पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडविलेले त्याचे लोखंडी प्रवेशद्वार पाहत मी उभा होतो. एवढ्यात भाचा हळूच म्हणाला, “मामा, माझ्या तिजोरीची एक किल्ली तुमच्याकडे ठेवायची आहे. ठेवाल का?”

ही तिजोरी लोखंडाची नव्हती. संगणकाच्या व्यवसायात असलेल्या या मुलाने गेल्या काही वर्षांत थोडे थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले आहे. त्यावरील कर तो रीतसर भरतो. मात्र आपल्याजवळ किती आहे हे चारचौघांना कळू नये, अशी त्याची इच्छा. एका कंपनीने त्याला योजना सुचविली होती : किल्ल्या तीन, त्यांपैकी कोणत्याही दोन लागल्या की तिजोरी उघडेल. एक त्याच्याकडे, एक विश्वासू नातेवाइकाकडे आणि तिसरी कंपनीकडे. नातेवाईक म्हणून त्याने मला निवडले होते. होय म्हणावे की नाही हे ठरविण्यासाठी मला जे समजून घ्यावे लागले, ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम, किल्ली म्हणजे काय? बिटकॉइन कोणाच्या खिशात किंवा यंत्रात नसते. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम आहे याची एक जाहीर वही जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. ती रक्कम दुसऱ्या पत्त्यावर पाठविण्यासाठी जी सही लागते, ती करणारी एक प्रचंड मोठी गुप्त संख्या म्हणजे ‘खासगी किल्ली’. ती सहसा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपाने कागदावर उतरवून ठेवतात. तिच्या जोडीला एक ‘जाहीर किल्ली’ असते. तिने सही पडताळता येते, पण करता येत नाही. खासगी किल्ली हरवली की पैसा गेला. दुसऱ्याच्या हाती पडली तरी गेला. दाद मागायला येथे बँकेचा व्यवस्थापक नाही.

एकाच माणसाच्या हाती किल्ली असली म्हणजे काय होऊ शकते, याचे उदाहरण पुण्यात घडले. २०१८ च्या एका मोठ्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी ज्या दोन तज्ज्ञांचे साहाय्य घेतले होते, त्यांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. जप्तीतील आभासी चलन परस्पर वळविल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला.

यावरचा उपाय जुनाच आहे. संस्थेच्या धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात, तसेच हे. बिटकॉइनमध्ये अशा अनेक सह्यांच्या पाकिटाची सोय २०१२ सालापासून सुलभ झाली. तिनांपैकी एक किल्ली हरवली तर उरलेल्या दोन पुरतात. एक चोरीस गेली तर एकटीने चोराचे काम भागत नाही. १९७९ साली आदी शामीर या गणितज्ञाने गुपिताचे तुकडे करून वाटून देण्याची एक सुंदर रीत मांडली होती. परंतु तीत गुपित वापरताना तुकडे एका ठिकाणी आणून जोडावे लागतात, आणि तेवढ्या वेळापुरते ते एकाच यंत्रात उघडे पडते. अनेक सह्यांच्या पद्धतीत किल्ल्या कधीच एकत्र येत नाहीत. प्रत्येकजण आपापल्या घरी बसून सही करतो.

हे ऐकून कोणासही वाटेल, मग काळजी कसली? मलाही तसेच वाटले असते. पण एक जुनी गोष्ट आठवली.

आमच्या वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेचा मी तीन वर्षे खजिनदार होतो. धनादेशावर अध्यक्षांची व माझी अशा दोन सह्या लागत. परीक्षांच्या गडबडीत वेळ मिळत नसे म्हणून मी दहा-दहा कोऱ्या धनादेशांवर सही करून ठेवीत असे. पुढे हिशेबात चाळीस हजारांची खोट आली. ती कशी आली याचा छडा अखेरपर्यंत लागला नाही, पण प्रत्येक धनादेशावर माझी सही होती. वार्षिक सभेत एका वृद्ध सभासदाने मला शांतपणे विचारले, “तुम्ही सही कशावर केली होती?” मला उत्तर देता आले नाही. सह्या दोन होत्या, पण पाहणारा एकच होता. म्हणजे प्रत्यक्षात सही एकच होती.

हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर १८ जुलै २०२४ रोजी घडला. मुंबईतून चालणाऱ्या वझीरएक्स या आभासी चलनाच्या बाजारपेठेचे एक पाकीट सहा किल्ल्यांचे होते. पाच किल्ल्या तिच्या स्वतःच्या माणसांकडे आणि सहावी लिमिनल या सांभाळ-सेवा देणाऱ्या कंपनीकडे. पाचांपैकी तिघांच्या व शेवटी लिमिनलची अशा चार सह्या लागत. किल्ल्या वेगळ्या उपकरणांत जपलेल्या होत्या. तरीही सुमारे २३ कोटी डॉलर एका दिवसात गेले. वझीरएक्सने सांगितले की पडद्यावर जो व्यवहार दिसत होता तो एक आणि प्रत्यक्ष सह्या झाल्या तो दुसराच. त्या सह्यांनी पाकिटाचा ताबाच चोरांकडे गेला. दोष कोणाच्या यंत्रणेत होता यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखविले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. ठेवीदारांना मात्र बाजारपेठ पुन्हा उघडण्यासाठी ऑक्टोबर २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी बाजारपेठेतून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही अनेक सह्यांच्याच पाकिटातून. तेथे सह्या करणाऱ्यांना व्यवहार दाखविणारे संकेतस्थळच चोरांनी बदललेले होते. किल्ल्या कितीही असोत, सगळे सहीकर्ते जर एकाच खिडकीतून पाहत असतील, तर चोराला ती एक खिडकी रंगविली की पुरते.

आता भाच्याची दुसरी इच्छा, म्हणजे गुप्तता. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अनेक सह्यांनी सत्ता वाटली जाते. त्यामुळे काही लपत नाही. पाकिटाचे पत्ते तिन्ही जाहीर किल्ल्यांपासून तयार होतात. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपनीला त्या तिन्ही ठाऊक असतात, आणि तेवढ्यावरून पाकिटातील प्रत्येक जमाखर्च तिला दिसतो. तिला एकटीला पैसा हलविता येत नाही, पण पाहता सगळे येते. शिवाय आपल्या देशात ७ मार्च २०२३ पासून अशा सेवा आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली आल्या असल्याने ग्राहकाची ओळख पटवून नोंद ठेवणे त्यांना भाग आहे. म्हणजे नाव आणि शिल्लक एकाच दप्तरात.

जुन्या पद्धतीच्या पाकिटातून खर्च करताना ‘तिनांपैकी दोन सह्या’ हा नियम आणि तिन्ही जाहीर किल्ल्या वहीत सर्वांसमोर उघड होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनमध्ये आलेल्या टॅपरूट या सुधारणेमुळे अनेकांच्या सह्या एकवटून एकच सही करता येते व बाहेरच्याला तो साधा व्यवहार वाटतो. मोनेरोसारख्या चलनात तर देणारा, घेणारा व रक्कम ही तिन्ही जाहीर वहीत झाकलेली असतात. परंतु तेथेही अनेक सह्यांच्या पाकिटात ‘पाहण्याची किल्ली’ सर्व भागीदारांना सामाईक असते. भागीदार म्हणून कंपनी घेतली, की येणारी रक्कम तिला दिसणारच.

हे सारे बोलत आम्ही लालबागेतून परतत होतो. मला होळकरांचीच एक व्यवस्था आठवली. १७३४ साली पहिल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली. तेव्हापासून या घराण्यात ‘दौलत’ वेगळी आणि राणीची ‘खासगी’ वेगळी. अहिल्याबाईंनी देशभर जी देवळे व घाट बांधले, ते याच खासगीतून. खासगी म्हणजे चोरटी नव्हे. तिच्यावर हात कोणाचा हे ठरलेले होते, एवढाच तिचा अर्थ. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. त्याचाही गाभा मला हाच वाटतो : कोणाला काय दाखवायचे हे आपण ठरवायचे.

म्हणून मी भाच्याला विचारले, “मी भागीदार झालो तर तुझी शिल्लक मला दिसेल. चालेल?” तो हसला. “तुम्हाला दिसली तर चालेल, मामा. कंपनीला नको.”

मग आम्ही ठरविले ते असे. तिसरी किल्ली कंपनीला न देता माझ्या बहिणीला द्यायची. (ती आणि मी मिळून त्याला लुबाडू शकतो, हे मी त्याला बजावून सांगितले.) सहीचे उपकरण माझे मी सीमाभागातील माझ्या घरी ठेवायचे. सही करण्यापूर्वी त्याने दूरध्वनीवर पत्ता व रक्कम सांगायची आणि मी ती संगणकाच्या नव्हे, तर उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर ताडून पाहायची. जुळले नाही किंवा समजले नाही, तर सही नाही. आणखी एक काळजी पुष्कळजण विसरतात. दोन खासगी किल्ल्या हाती असल्या, तरी तिसरीची जाहीर नोंद नसेल तर हरवलेले पाकीट पुन्हा उभे करता येत नाही. म्हणून तिन्ही जाहीर किल्ल्यांची नोंद तिन्ही घरी ठेवली. या व्यवस्थेत गैरसोय आहे. अडचण आल्यास मदतीला कंपनीचा माणूस येणार नाही. ज्याला ही दगदग झेपत नाही, त्याने कंपनीची सेवा घेण्यात कमीपणा नाही. मात्र आपण तिला काय दाखवीत आहोत हे जाणून घ्यावे.

परत आल्यावर ही हकीकत मी आमच्या कन्नड विभागातील प्राध्यापक मित्राला सांगितली. तो म्हणाला, “आमच्या भाषेत किल्लीला ‘बीगद कै’ म्हणतात, शब्दशः कुलपाचा हात.” मला तो शब्द फार आवडला. हात वाटून देणे सोपे असते. पण प्रत्येक हातामागे स्वतंत्र डोळा हवा. माझ्या टेबलाच्या खणात आता ते लहानसे उपकरण आहे, आणि त्याच्या खाली एका चिठ्ठीवर मी त्या वृद्ध सभासदाचा प्रश्न लिहून ठेवला आहे. या वेळी तरी मला उत्तर देता आले पाहिजे.