कॉफी एकच, रीती अनेक: तुमच्या कपात नेमके काय असते?

यवतमाळ जिल्ह्यात पाहुणचार म्हणजे चहा. कॉफी होते ती चहा न घेणाऱ्या पाहुण्यासाठी, उपवासाच्या दिवशी किंवा मुलांच्या परीक्षेच्या काळात. पण इन्स्टंट कॉफीच्या छोट्या पुड्या आता गावच्या किराणा दुकानातही मिळतात आणि कॉफीचा कप घरोघरी वाढतो आहे. त्यामुळे दवाखान्यात एक प्रश्न नेहमी येतो, "डॉक्टर, कॉफी चांगली की वाईट?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कॉफी कोणत्या बियांची आहे, कशी केली आहे, तिच्यात काय घातले आहे आणि ती केव्हा प्यायली जाते, यावर तिचा शरीरावरचा परिणाम ठरतो. जगभरच्या कॉफीच्या रीती पाहिल्या की हे सहज समजते.

बी कुठली, चव कशी?

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. तिथून ते येमेनला गेले. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. आजही भारतातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत पिकते.

महाराष्ट्रातली कॉफी मात्र आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. इंग्रजांच्या काळात तिथे कॉफीची लागवड झाली. उंची, थंड हवा आणि मोठ्या झाडांची सावली कॉफीला मानवते. कपाशीच्या सपाट, तापणाऱ्या रानात ती येत नाही, ती याचमुळे.

बाजारात कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका उंचावर वाढते. तिची चव सौम्य, किंचित आंबटसर आणि सुवासिक असते. रोबस्टा कमी उंचीवरही येते. ती कडू आणि जड लागते, आणि तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. इन्स्टंट कॉफीत रोबस्टाचा वापर मोठा आहे. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात बिया फुगवून केलेली 'मान्सून्ड मलबार' कॉफी कमी आंबट असते.

एक गैरसमज इथेच दूर करू. जास्त कडू किंवा जास्त काळी कॉफी म्हणजे जास्त कॅफिन, असे नाही. बी जास्त भाजली की कडूपणा वाढतो, कॅफिन वाढत नाही.

देशोदेशीच्या रीती आणि आरोग्य

इथिओपिया: बिया घरीच भाजून, कुटून, मातीच्या भांड्यात उकळतात. एकाच चोथ्यावर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या होतात, त्यामुळे प्रत्येक फेरी आधीपेक्षा सौम्य असते.

तुर्कस्तान: अगदी बारीक पूड पाण्यात उकळतात आणि न गाळता छोट्या कपात देतात. सोबत पाण्याचा पेला असतो. चोथा तळाशी बसू देतात.

नॉर्वे, फिनलंड: जाडसर पूड पाण्यात उकळून वरचे पाणी प्यायची जुनी पद्धत होती. नॉर्वेतल्या ट्रोम्सो येथील हृदयरोग-अभ्यासात १९८३ साली कॉफी जास्त पिणाऱ्यांत कोलेस्टेरॉल जास्त आढळले. पुढे कारणही सापडले. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढवतो. न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीत तो भरपूर उतरतो. कागदाच्या गाळणीत तो जवळजवळ सगळा अडतो. इन्स्टंट कॉफीत तो नगण्य असतो.

दक्षिण भारत: पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमधून घट्ट अर्क काढून त्यात गरम दूध घालतात. धातूची चाळणी कागदाइतके तेल अडवत नाही. या कॉफीत बहुधा चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफिन नसते. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते वाचायची सवय ठेवा.

व्हिएतनाम: कडक रोबस्टा आणि गोड घट्ट दूध. कॅफिनही जास्त, साखरही जास्त.

मराठी घर: भरपूर दूध, साखर आणि वरून जायफळ-वेलची. चिमूटभर जायफळाने काही बिघडत नाही. पण "जायफळ घातले म्हणजे झोप लागते" म्हणून रात्री कॉफी घेऊ नका. चिमूटभर जायफळ कॅफिनचा परिणाम घालवत नाही. आणि जायफळाचे प्रमाण वाढवूही नका. एखादे अख्खे जायफळ पोटात गेले तर उलट्या, धडधड आणि भ्रम होऊ शकतो.

दिवसाला किती चालेल?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटरच्या कपात साधारण इतके कॅफिन असते:

- गाळलेली कॉफी: ८० ते १२० मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी: ५० ते ६५ मिलिग्रॅम
- चहा: ३० ते ६५ मिलिग्रॅम

दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे ही संस्था सांगते. हिशेब करताना चहा विसरू नका. चार चहा आणि दोन कॉफी घेणारा माणूस "मी कॉफी दोनच कप घेतो" म्हणतो, पण त्याचे कॅफिन मर्यादेच्या वर गेलेले असू शकते.

साखरही मोजा. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम. असे चार कप झाले की ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह कमी आढळतो असे काही पाहण्या सांगतात, पण त्या आधारावर गोड कॉफी सुरू करण्यात अर्थ नाही.

जेवणासोबत कॉफी नको

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये दिसले. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह शरीरात आधीच कमी शोषले जाते. कॉफी आणि चहातले काही घटक या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पोचू देत नाहीत.

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, तर चहाने ६४ टक्क्यांनी. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने फरक पडला नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र तितकेच नुकसान झाले.

म्हणून कॉफी किंवा चहा जेवणाआधी निदान एक तास घ्या, किंवा जेवणानंतर दोन तास थांबा. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळा खा. त्याने लोह जास्त शोषले जाते. आरोग्य केंद्रातून मिळालेली लोहाची गोळी चहा-कॉफीसोबत कधीच घेऊ नका. गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर डॉक्टरांना आपली चहा-कॉफीची वेळही सांगा.

रात्रीचे ओलित, रात्रपाळी आणि झोप

कृषिपंपाची वीज रात्री येते म्हणून रात्रभर ओलित करणारे शेतकरी आणि वणी भागातल्या कोळसा खाणींत रात्रपाळी करणारे कामगार जागे राहण्यासाठी चहा-कॉफी घेतात. घेतलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शरीरात असते. पहाटे चार वाजता घेतलेली कॉफी सकाळी नऊलाही झोप मोडते. म्हणून कॉफी कामाच्या सुरुवातीला घ्या, शेवटच्या चार-पाच तासांत टाळा. कॉफीने झोपेची भावना दबते, झोपेची गरज भागत नाही. डोळे मिटू लागले असतील तर मोटारसायकल चालवण्यापूर्वी थोडी डुलकी घ्या.

उन्हाळ्यात रानात काम करताना कॉफी किंवा चहा पाण्याच्या जागी धरू नका. पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी वेगळे प्या.

पाणी आणि तापमान

पांढरकवडा भागासह जिल्ह्याच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. चहाच्या पानांत स्वतःचेही फ्लोराइड असते, कॉफीत ते फारच कमी असते. पण पाणीच फ्लोराइडचे असेल तर कॉफीने सुटका होत नाही. अशा गावांत पिण्यासाठी आणि चहा-कॉफीसाठीही तपासलेले, सुरक्षित पाणीच वापरा.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीला कर्करोगाच्या संशयित कारणांतून वगळले. मात्र ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेय पिणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण मानले. बशीत ओतून, थोडे निववून पिण्याची आपली सवय या दृष्टीने चांगलीच आहे.

कोणी जपावे?

- गरोदर स्त्रिया: चहा-कॉफी मिळून कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. गरोदरपणात ते शरीरात जास्त वेळ टिकते.
- रक्तदाबाचे रुग्ण: कॉफीने रक्तदाब थोडा वेळ वाढतो. तपासणीआधी अर्धा तास कॉफी घेऊ नका.
- कोलेस्टेरॉल जास्त असणारे: उकळून न गाळलेली कॉफी टाळा.
- थायरॉइडची गोळी घेणारे: गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्या. कॉफी निदान अर्ध्या ते एक तासाने घ्या.
- पित्ताचा त्रास असणारे: उपवासाला रिकाम्या पोटी कॉफीवर कॉफी घेऊ नका. आधी काही खा.
- लहान मुले: कॉफी देऊ नका. दूधच द्या.

कॉफीनंतर वारंवार धडधड होणे, छातीत दुखणे, हात थरथरणे किंवा रोज झोप न लागणे असा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवा. रोजची कॉफी एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके दुखू शकते, म्हणून ती हळूहळू कमी करा.

निरोगी माणसाला दिवसाला दोन-तीन कप कॉफीची भीती बाळगायचे कारण नाही. बी चिखलदऱ्याची असो की इथिओपियाची, चव आपल्या आवडीची निवडा. फक्त ती कमी गोड, थोडी निवलेली आणि जेवणापासून दूर ठेवा.