टक्! आजाच्या घडीच्या चाकूची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. अडखळणं आणि मधला कुत्र्याचा आवाज काढलाय, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

[आवाज: टक्... टक्]

हेडफोन लावलेल्यांना आत्ता दोनदा टक् ऐकू आलं असेल. वाचणाऱ्यांनो, पहिला टक् म्हणजे चाकू उघडला. दुसरा जरा जाडसर, तो मिटला. हा माझ्या आजाचा चाकू. मूठ बोटभर लांब, शिसमाची, हाताच्या घामानं काळी पडलेली. पातं एकच, आणि इतक्या वेळा धार लावलेली की मूळचं पातं किती रुंद होतं ते आता सांगता येत नाही.

आमचं गाव आसगाव. पवनी तालुका, भंडारा जिल्हा. धानाचा मुलूख. आजाच्या बंडीच्या खिशात दोन गोष्टी कायम असायच्या: तंबाखूची डबी आणि हा चाकू. धानाच्या पोत्याची सुतळी कापायची, चाकू. पेरू चिरायचा, चाकू. बैलाच्या वेसणीचा दोर, माझी पेन्सिल, पायात रुतलेला बाभळीचा काटा, सगळ्याला तोच. (काटा काढायच्या आधी तो पातं धोतराला पुसायचा. निर्जंतुकीकरण झालं!)

हा एपिसोड करायचं कारण मात्र नागपुरात घडलं. आजा गेल्यावर चाकू माझ्याकडे आला आणि माझ्या बॅगेत राहू लागला. एका मॉलच्या गेटवर बॅग मशीनमधून गेली, गार्डनं थांबवलं, चाकू काढला आणि मागच्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, हत्यार आहे."

मागची बाई दोन पावलं मागे सरकली. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग घरी येईपर्यंत तो शब्दच डोक्यात फिरत राहिला. कारण आसगावात हत्यार म्हणजे काय? सुताराची हत्यारं. न्हाव्याची हत्यारं. "हत्यारं आणली का रे?" असं मिस्त्री विचारतो तेव्हा त्याला करणी आणि ओळंबा हवा असतो. आपल्या भाषेत काम करायची वस्तू आणि मारायची वस्तू यांना एकच शब्द आहे. गार्ड चुकीचं बोलला नाही. आजाही चुकीचा नव्हता. मग हा चाकू नेमका कोणतं हत्यार?

त्यासाठी आधी तो आतून बघू. इंग्रजीत या प्रकाराला स्लिपजॉइंट म्हणतात. आपण घडीचा चाकू म्हणू. भाग अगदी थोडे. एक पातं, दोन बाजूंच्या पट्ट्या, मुठीची दोन फळकुटं, आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची एक लांब पट्टी. ही पट्टीच स्प्रिंग. मागच्या बाजूला ती रिव्हेटनं पक्की असते, पुढचं टोक मोकळं असतं आणि पात्याच्या बुडावर दाबून बसतं. बुडाला सपाट बाजू आणि कोपरे असतात. पातं फिरवलं की कोपरा स्प्रिंगला वर उचलतो, बोटाला जोर लागतो, आणि कोपरा पार झाला की स्प्रिंग पुढच्या सपाट भागावर आपटते. टक्. तुम्ही ऐकलेला आवाज तो. काही चाकूंत बूड असं घडवतात की पातं अर्ध्यावर, काटकोनात, एकदा थांबतं. बंद करताना बोटाला तेवढीच एक सूचना. आमच्याकडच्या चाकूत ते नाही.

पात्यावर चंद्रकोरीसारखी एक खाच असते, नख अडकवायला. उघडायला दोन हात लागतात. एका झटक्यात हा चाकू उघडत नाही. आत्ताच्या रील्समध्ये जे फिरवतात, हवेत उडवतात, ते याच्याकडून होणं नाही. हा उघडायचा म्हणजे पोतं खाली ठेवा, दोन्ही हात मोकळे करा, नख लावा, मग कापा.

आणि आता महत्त्वाचं. याला कुलूप नाही. उघडलेलं पातं फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभं असतं. धारेनं कापता तेव्हा जोर पात्याला आणखी उघडायच्या दिशेनं जातो, म्हणून काही होत नाही. पण टोकानं खुपसलं किंवा पात्याच्या पाठीवर जोर दिला की ते सरळ तुमच्या बोटांवर मिटतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. अकरा वर्षांचा होतो. बांबूच्या कांडीला भोक पाडायचं होतं, पिचकारीसाठी. टोक लावलं आणि दाबलं. पुढचं पहिल्या बोटावर अजून आहे, आडवी पांढरी रेघ. आजीनं हळद दाबली, आईनं आरडाओरडा केला. आजा ओरडला नाही. चाकू उचलला, पुसला आणि म्हणाला, "टोकानं खुपसून राहिला होता ना? हा खुपसाचा चाकू नोहे, पोट्ट्या. कापाचा आहे." आणि दुसऱ्या दिवशी तोच चाकू माझ्याकडे दिला, पेन्सिल करायला. म्हणजे हातात नाही दिला. जमिनीवर ठेवला, मी उचलला. चाकू हातातून हातात दिला तर भांडण होतं असं आमच्याकडे मानतात. युरोपातही कोणी चाकू भेट दिला तर घेणारा एक नाणं परत देतो, मैत्री तुटू नये म्हणून. इतक्या लांबची माणसं एकाच वस्तूला सारखीच घाबरतात, गंमत आहे.

आता याच्या अगदी उलट एक चाकू आहे आणि तो तुम्ही सगळ्यांनी सिनेमात पाहिलाय. रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा, खटक्याचा. पातं उघडलं की जागेवर पक्कं बसतं, बटण दाबल्याशिवाय मिटत नाही. हिंदी सिनेमातल्या खलनायकानं याला इतकं नाव दिलं की कारागिरांचीच पंचाईत झाली. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारनं साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यावर बंदी आणली आणि धंदा बसत गेला. २०२३ मध्ये त्याच रामपुरात एका चौकात सुमारे सहा मीटर लांबीचा चाकू उभारला. चौकाचं नावच चाकू चौक. माझं मत विचाराल तर मला त्या भल्या मोठ्या चाकूपेक्षा खालच्या गल्लीत उरलेल्या चार कारागिरांची जास्त काळजी वाटते.

घडीच्या चाकूचं घराणं वेगळं. मिटणारी पाती रोमन लोकांकडेही होती, पण पाठीत स्प्रिंग असलेला चाकू इंग्लंडच्या शेफील्डमध्ये सतराव्या शतकात रुळला. मग जर्मनीचं झोलिंगन, फ्रान्समधली गावं. इंग्रजीत याला पेन-नाईफ म्हणतात, कारण पिसाची लेखणी तासायला तो लागायचा. फारसीत त्याच कामाच्या चाकूला कलमतराश म्हणतात. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा बोरूही असाच चाकूनं तासलेला असायचा, तिरका काप देऊन. म्हणजे ज्या चाकूला आज गेटवर अडवतात तो एकेकाळी लिहिणाऱ्याच्या पेटीत असायचा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लाल स्विस चाकू माहीत असेल. त्याचं मोठं पातंही जुन्या प्रकारात याच तत्त्वावर चालतं, स्प्रिंग आणि टक्. कार्ल एल्झेनरनं १८८४ मध्ये कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. पुढे आईच्या व्हिक्टोरिया या नावाला स्टेनलेस स्टीलचा ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. सैनिकाला तो कशाला दिला होता? डबा उघडायला आणि बंदुकीचे स्क्रू काढायला.

आमच्या जिल्ह्याचाही यात एक धागा आहे. दोन, खरं तर. चांगल्या घडीच्या चाकूत मुठीच्या आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. पितळ गंजत नाही आणि पोलादाच्या पात्याला घासून खराब करत नाही. भंडारा म्हणजे पितळेचं शहर, पण आमच्या आजाच्या चाकूतलं पितळ भंडाऱ्याचं की कुठलं, कोण सांगणार. दुसरा धागा म्हणजे सांबर. शेफील्डच्या महागड्या चाकूंच्या मुठी सांबराच्या शिंगाच्या असत आणि ती शिंगं हिंदुस्थानातून जात. आमच्या शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला जंगलात सांबर आहेत. त्यांची शिंगं दरवर्षी गळतात, नवी येतात. पण आज वन्यजीव कायद्याखाली त्यांचा व्यापार बंद आहे, त्यामुळे ऑनलाइन कोणी 'ओरिजिनल सांबर' म्हणून मूठ विकत असेल तर हात लावू नका.

आणि हा चाकू मेलाय असं समजू नका. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटला जा. संत्र्याच्या कलमांच्या नर्सऱ्यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. खोडाच्या सालीला इंग्रजी टीसारखा काप, साल हलकेच सोडवायची, आत डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. हे करायचा चाकू घडीचाच असतो. बऱ्याचदा त्याच्या मागच्या टोकाला साल उचलायला बोथट जीभ असते. धार ब्लेडसारखी लागते, कारण काप फाटला की डोळा वाळतो. तुम्ही खाता त्या नागपुरी संत्र्याच्या झाडाची सुरुवात अशा एका कापानं झालेली असते.

देखभाल फारशी नाही. जुन्या चाकूचं पातं साध्या कार्बन पोलादाचं असतं. कांदा, लिंबू, कैरी कापली की ते निळसर-काळं पडतं. ते बिघडलेलं नसतं, तो थर राहू द्या. लाल गंज मात्र घासून काढा. ओलं मिटू नका. सांध्यात खोबरेल किंवा मशीनचं तेल एक थेंब. धार दगडावर, पातं जवळजवळ आडवं धरून, दोन्ही बाजूंनी सारखे हात.

आता कायद्याचं, कारण मेसेजमध्ये हेच विचारता. मी वकील नाही, पण जे वाचलंय ते सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरकाम, शेती, कारखाना यांसाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. आजाचा चाकू त्या मापाच्या कितीतरी आत आहे. पण गोष्ट इथं संपत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, तणाव अशा काळात शस्त्रबंदीचा आदेश निघतो, आणि त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. तेव्हा खिशात 'आजाची आठवण आहे' हे उत्तर पुरत नाही. विमानात हँडबॅगेत चालत नाही. आणि कोयता किंवा चाकू दाखवून रील टाकली तर पोलीस घरी येतात, पुण्यात कोयत्याच्या टोळ्यांच्या बातम्या सुरू झाल्यापासून तर जास्तच.

माझ्या मावसभावानं, वय सतरा, असाच एक काळा, मोठा, कुलपाचा चाकू ऑनलाइन मागवला होता. मी विचारलं, कापणार काय? त्याला सांगता आलं नाही. मामानं तो चाकू परत पाठवायला लावला. मी दिवाळीत त्याच्यासमोर आजाचा चाकू ठेवला, जमिनीवर. म्हटलं, उघड. त्यानं एका हातानं झटका दिला, काही झालं नाही. मग नख लावलं. टक् झालं तेव्हा हसला. अर्धं पोतं शेंगदाणे होते, त्याची शिवण त्यानंच उसवली, धागा न तोडता, सलग.

गार्डनं त्या दिवशी चाकू काउंटरवर ठेवून टोकन दिलं होतं, जाताना परत मिळाला. तेव्हापासून तो नागपुरात आणत नाही. आसगावच्या घरी, माजघरातल्या फळीवर, तंबाखूच्या रिकाम्या डबीशेजारी असतो. या एपिसोडचा आवाज मी तिथंच रेकॉर्ड केला, म्हणून मागे कुत्रं भुंकत होतं.

तुमच्या घरात आजा-आजीचा असा चाकू असेल तर तो उघडायचा-मिटायचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. फोटो नको, आवाजच पाठवा. पुढच्या एपिसोडला सगळे टक् एकापाठोपाठ एक लावतो. आणि हो, बोटं सांभाळून.