अळीमिळी गुपचिळी कामाची नाही

बाजारात मालाला किंमत असते, पण त्याहून मोठी किंमत नावाला असते. आपल्या गावातला किराणा दुकानदार हे चांगले जाणून आहे. ‘त्याच्या पिठात किडे निघतात’ अशी एकदा बोलवा झाली, की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत नाही. मोठ्या कंपन्यांचेही तसेच आहे. फरक एवढाच, की त्यांची बदनामी गावाच्या वेशीपाशी थांबत नाही. अशा वेळी लोकांपुढे काय बोलायचे, हे पाहणाऱ्या कामाला जनसंपर्क म्हणतात. पुष्कळांना वाटते, गोड बोलून वेळ मारून नेणे म्हणजेच जनसंपर्क. पुढील दोन घटना वेगळेच सांगतात.

ऑक्टोबर 2003 मधली गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटात अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. कंपनीने खुलासा केला, की कारखान्यात दोष नाही, दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. म्हणजे खापर फुटले ते दुकानदाराच्या माथ्यावर! त्यावर प्रशासनाचा सवाल सरळ होता, मग वेष्टन हवाबंद का नाही? लोकांनाही तो पटला. ऐन सणात खप घसरला.

कंपनीला शहाणपण आले ते त्यानंतर. ‘विश्वास’ नावाची मोहीम काढून दुकानदारांना माल कसा साठवावा ते दाखवले. जानेवारी 2004 मध्ये दुहेरी, घट्ट बंद केलेले वेष्टन बाजारात आले. त्यानंतर अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत आणले. गेलेले गिऱ्हाईक हळूहळू परतले. पण आमच्या मते, नटाच्या चेहऱ्याइतकेच, किंबहुना अधिक काम त्या नव्या वेष्टनाने केले. वेष्टन न बदलता नुसताच नट आणला असता, तर लोक हसले असते.

दुसरी घटना अमेरिकेतली, 1982 सालची. शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेऊन 7 जण दगावले. कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाईड भरले होते आणि तेही माल कारखान्यातून बाहेर पडल्यावर. गुन्हेगार आजवर सापडलेला नाही. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला ‘यात आमचा काय दोष?’ असे म्हणून हात झटकता आले असते. तिने तसे केले नाही. लोकांना औषध घेऊ नका असे सांगितले, जाहिराती थांबवल्या आणि देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत बोलावल्या. खर्च सुमारे 10 कोटी डॉलर. थोड्याच काळात तेच औषध छेडछाड लगेच ओळखू येईल अशा बंद वेष्टनात परत आले आणि लोकांनी ते पुन्हा विकतही घेतले.

दोन्हीकडे संकट आले. पहिला शब्द मात्र वेगळा होता. एकीने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसरीने आधी गिऱ्हाईकाचा जीव पाहिला. दोघींनाही शेवटी वेष्टन बदलावेच लागले. मग सुरुवातीची टोलवाटोलवी कशासाठी?

हा धडा केवळ कोट्यधीश कंपन्यांसाठी नाही. गावची दूध संस्था असो, पतसंस्था असो की शाळा. लोक ओरडू लागले की प्रथम चार गोष्टी कराव्यात. काय घडले ते आपणहून सांगावे. जे अजून ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणावे. नुकसान थांबवावे. आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय बदलले ते दाखवावे. हे सारे लोकांच्या भाषेत सांगावे, हेही तितकेच महत्त्वाचे. ज्याच्या पोटात दुखले त्याला वाचताच येत नाही अशा भाषेत चिकटवलेला खुलासा हा खुलासाच नव्हे.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याला चिडून काय उपयोग? ताक थंड आहे, हे दाखवण्याची जबाबदारी वाढणाऱ्याचीच आहे.