हेडलाइटमध्ये प्रोजेक्टर बसवताय? उजेड किती आहे यापेक्षा तो पडतो कुठे, ते आधी बघा

गणपतीला गावी जाणाऱ्या बऱ्याच गाड्या रात्रीच निघतात. सकाळी घरी पोहोचायचं, म्हणजे घाट अंधारात उतरायचा. आंबा घाटात पावसाची भुरभुर, मध्येच धुकं आणि समोरून येणारी एखादी गाडी, जिचे लाइट ट्यूबलाइटसारखे पांढरेफटक. दोन-तीन सेकंद रस्ता, पांढरी पट्टी, कडेनं चालणारा माणूस, सगळं गायब. गाडी ६० च्या वेगात असेल तर ३ सेकंदांत ती ५० मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ५० मीटर गाडी जवळपास डोळे मिटून चालवल्यासारखंच.

गंमत म्हणजे त्या लाइटवाल्याला मनसोक्त शिव्या घालणारा ड्रायव्हर परत आल्यावर गॅरेजमध्ये जाऊन म्हणतो, "आपले पण लाइट वाढवून द्या, रात्री काही दिसत नाही."

त्याची तक्रार खोटी नसते. बऱ्याच गाड्यांच्या बेस मॉडेलचे लाइट घाटात, पावसात खरंच कमी पडतात. पण उपाय म्हणून प्रोजेक्टर, एलईडी, फॉग लाइट असं काहीही बसवण्याआधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घ्यायला हवं.

साध्या हेडलाइटमध्ये असतं काय?

हेडलाइटला दोन कामं एकाच वेळी करायची असतात. आपल्याला रस्ता दाखवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत जायचं नाही. त्यामुळे डिपरवर, म्हणजे लो बीमवर, उजेडाला वरून एक कडा असते. कडेच्या खाली उजेड, वर अंधार.

आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेला बल्ब म्हणजे एच-४. त्यात दोन फिलामेंट असतात, अप्परला ६० वॉटची आणि डिपरला ५५ वॉटची. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर फेकला जातो. सगळा खेळ मिलिमीटरचा आहे. फिलामेंट कुठे आहे, वाटी कुठे आहे, हे धरूनच रिफ्लेक्टरचा प्रत्येक वक्र घडवलेला असतो.

मग एलईडी बल्ब टाकला की काय बिघडतं?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त केला जाणारा बदल हाच. जुना बल्ब काढला, त्याच जागी एलईडी बल्ब घातला. दहा मिनिटांचं काम.

फिलामेंट म्हणजे बारीक तारेची गुंडाळी. तिचा उजेड चहूबाजूंनी पडतो. एलईडी बल्बमध्ये एका चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवलेल्या असतात. त्यांची जागा आणि आकार फिलामेंटशी तंतोतंत जुळला नाही, तर रिफ्लेक्टरचं गणित फसतं. कडा पुसट होते आणि उजेड वर, बाजूला, झाडांवर आणि समोरच्याच्या काचेवर पसरतो.

ड्रायव्हरला मात्र वाटतं की लाइट भारी झाले, कारण बॉनेटसमोरचे पहिले १०-१५ मीटर लख्ख दिसतात. तोटा इथेच होतो. जवळ खूप उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी काळा वाटतो. खड्डा किंवा गुरं उशिरा दिसतात. खर्च करून नजर कमी केल्यासारखंच हे.

जर्मनीत २०२० पासून अशा काही एलईडी बल्बना परवानगी मिळू लागली. पण तीही ठरावीक बल्ब आणि ठरावीक गाडीचं मॉडेल अशी जोडी तपासून. कुठलाही बल्ब कुठल्याही गाडीत चालत नाही, हे त्यातून कळतं.

प्रोजेक्टर वेगळा कसा?

प्रोजेक्टरमध्ये चार गोष्टी असतात. मागे बल्ब, त्याच्याभोवती अंडाकृती रिफ्लेक्टर, मध्ये एक धातूची पट्टी आणि पुढे फुगीर भिंग. रिफ्लेक्टर सगळा उजेड पट्टीजवळ गोळा करतो. पट्टी त्यातला खालचा भाग अडवते. भिंग प्रतिमा उलटी करतं, त्यामुळे खाली अडवलेला भाग रस्त्यावर वरचा अंधार होऊन उमटतो. म्हणून प्रोजेक्टरची कडा सुरीनं कापल्यासारखी दिसते.

बाय-प्रोजेक्टरमध्ये अप्पर दिला की ही पट्टी एका छोट्या विद्युतचुंबकामुळे खाली सरकते. भिंग एकच, पण डिपर आणि अप्पर दोन्ही त्यातूनच.

झेनॉन म्हणजेच एचआयडी बल्बही अशा प्रोजेक्टरमध्येच शोभतो. साधा एच-४ डिपरवर साधारण १,००० ल्युमेन उजेड देतो, तर कारखान्यातून येणारा ३५ वॉटचा झेनॉन ३,००० ल्युमेनच्या वर जातो. एवढा उजेड बेशिस्त सुटला तर काय होईल याचा अंदाज येतोच. म्हणूनच युरोपात २,००० ल्युमेनपेक्षा जास्त उजेडाच्या डिपरला आपोआप खाली-वर होणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे असावेच लागतात. आपल्या गल्लीतल्या किटमध्ये यातलं काहीच नसतं.

एक चूक, जी फार कमी जणांना माहीत असते

डिपरची कडा सरळ रेष नसते. तिला एक पायरी असते. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडे ती कडा डाव्या बाजूला वर चढते. त्यामुळे डाव्या कडेचा पादचारी, सायकलवाला, बोर्ड लांबून दिसतो. उजवी बाजू खाली राहते, कारण तिकडून समोरची वाहनं येतात.

पण जगातल्या बहुतेक देशांत गाड्या उजवीकडून चालतात. तिथल्यासाठी बनलेल्या प्रोजेक्टरमध्ये पायरी उजवीकडे चढते. असा प्रोजेक्टर इथल्या गाडीत बसवला, की तो नेमका समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड मारतो. बसवणारा कितीही हुशार असला तरी हा दोष फोकस सेट करून जात नाही.

ओळखायचं कसं? गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावा. ड्रायव्हर सीटवरून बघताना पायरी डावीकडे चढायला हवी. नवा हेडलाइट घेत असाल तर काचेवरच्या खुणा बघा. युरोपीय मानकाच्या हेडलाइटवर वर्तुळात ई आणि आकडा असतो. फक्त डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेल्या लाइटवर, गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर उजवीकडे जाणारा बाण असतो.

बसवतात कसा आणि बिघडतं कुठे?

बंपर सोडवून हेडलाइट बाहेर काढतात. पुढची काच ब्यूटाइल नावाच्या चिकट पट्टीनं बसवलेली असते. ओव्हनमध्ये किंवा हीट गननं ती मऊ करून काच सोडवतात. काही गाड्यांत ही चिकटपट्टी एवढी पक्की असते की काच कापावीच लागते. मग रिफ्लेक्टरच्या बल्बच्या भोकात प्रोजेक्टर घट्ट बसवतात, कडा आडवी आहे का ते भिंतीवर बघतात आणि नव्या ब्यूटाइलनं काच परत बसवतात.

बिघाड तीन ठिकाणी होतो.

पहिला, काच नीट बंद न होणं. पावसाळ्यात आत वाफ धरते, थेंब साचतात आणि कडा पुन्हा फाटते.

दुसरा, वायरिंग. ५५ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर ओढतात. कुणी १०० वॉटचे बल्ब घातले तर तोच आकडा १६-१७ वर जातो. मूळ वायर आणि स्विच तेवढ्यासाठी बनलेले नसतात. वायर तापते, होल्डर वितळतो, कधी आगही लागते. त्यामुळे बॅटरीपासून वेगळी वायर, रिले आणि योग्य फ्यूज हवाच. कंपनीची वायर सोलून टेप गुंडाळलेला जोड दिसला तर काम तिथेच थांबवा. झेनॉनचा बल्ब पेटताना २० हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, त्यामुळे त्यात घरी हात घालू नये.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, फोकस. डिपर साधारण १ टक्का खाली झुकलेला असावा, म्हणजे १० मीटर लांबच्या भिंतीवर कडा लाइटच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली. लाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर कडा ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता हाच लाइट फक्त १ अंश वर झाला तर ६५ मीटरवर कडा १.१ मीटरच्या जवळ जाते. छोट्या कारमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तिथेच असतात.

गणपतीच्या प्रवासात हे आपोआप होतं. मागे तीन माणसं, डिकीत सामान, गाडीचं नाक वर. यासाठीच बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असतं. वजन वाढलं की आकडा वाढवायचा, लाइट खाली येतात. अनेकांनी ते चाक कधी फिरवलेलंच नसतं.

फॉग लाइट म्हणजे जादा हेडलाइट नव्हे

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. अप्पर लावला की उजेड त्यांच्यावर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट बंपरमध्ये खाली असतो, त्याचा उजेड रुंद आणि चपटा असतो. रस्त्याच्या कडा आणि जवळची पट्टी दिसावी एवढंच त्याचं काम. तो लांबचं दाखवत नाही, म्हणून धुक्यात वेगही तेवढाच हवा.

पिवळा लाइट धुकं चिरतो असं म्हणतात. प्रत्यक्षात धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे ते पांढरा आणि पिवळा उजेड जवळपास सारखाच विखुरतात. अनेकांच्या डोळ्यांना पिवळा कमी खुपतो, एवढाच काय तो फायदा. धुकं संपलं की फॉग लाइट बंद करायचा. आणि टपावर किंवा बंपरवर लावलेला एलईडी बार हा फॉग लाइट नसतो.

कायदा काय म्हणतो?

"आरसी बुकात हेडलाइटचा उल्लेखच नाही, कोण पकडतंय?" हे दुकानातलं ठरलेलं वाक्य. पण २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलांबाबत सुटे भाग नव्यानं बसवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो, आणि कापलेल्या वायरिंगमुळे वॉरंटीवरही पाणी पडू शकतं.

मग करायचं काय?

आधी स्वस्तातले उपाय संपवा. पिवळी पडलेली काच पॉलिश करा. विंडशील्ड आतून पुसा. जुना बल्ब बदलून त्याच वॉटचा चांगला बल्ब घाला. फोकस सेट करून घ्या. अनेकांचं काम इथेच होतं.

तरीही कमी वाटलं, तर त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनीचा प्रोजेक्टर किंवा फॉग लाइट आहे का, ते शोरूममध्ये विचारा. तो लाइट त्या गाडीसाठी पूर्ण संच म्हणून तपासलेला असतो. वायरिंग जुळतं का आणि नियमात बसतं का, हे आधी विचारून घ्या. काच फोडून बाहेरचा प्रोजेक्टर बसवणं हा सगळ्यात शेवटचा आणि कायद्याच्या दृष्टीनंही सगळ्यात धोक्याचा मार्ग.

आणि काहीही बसवलं तरी एक चाचणी पार्किंगमध्येच करता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०६ मध्ये ती मापं दिलेली आहेत. लाइटपासून ८ मीटर पुढे, लाइटच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. डिपर चालू ठेवून तिथे स्वतः उभं राहा. डोळे मिटावेसे वाटले, तर घाटात समोरून येणाऱ्यालाही तेच वाटणार आहे. आणि त्या क्षणी त्याची गाडी तुमच्याच दिशेनं येत असेल.