थकबाकीदारांचा फलक आणि पाचव्या ॲव्हेन्यूवरचे ग्रंथालय

तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षे देवघेवीच्या टेबलावर बसले. वाचक म्हणून आत येणाऱ्याला काय वाटते, हे टेबलाच्या आतल्या बाजूने कधी नीट कळत नाही. मला ते कळले निवृत्तीनंतर, मुलीकडे अमेरिकेत गेले असताना. त्या महिन्यात न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या मुख्य इमारतीत मी सात-आठ वेळा गेले.

पहिल्या दिवशी मी सर्वांसारखीच बघायला गेले होते. दाराशी दोन संगमरवरी सिंह, त्यांच्यापाशी फोटो काढणारी गर्दी. आत शिरायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या वाचन दालनाशी मात्र रक्षकाने विचारले, वाचायला आलात की पाहायला? मी खरे ते सांगितले आणि बाहेरूनच डोकावून परतले. दुसऱ्या खेपेला वाचायला गेले. परगावच्या वाचकालाही थोड्या मुदतीचे कार्ड विनामूल्य मिळते. अनामत नाही, जामीनदाराची सही नाही.

दालन सुमारे ३०० फूट लांब, ७८ फूट रुंद आणि ५२ फूट उंच आहे. तिथे बसल्यावर पहिल्यांदा आपण लहान आहोत असे वाटते. दहा मिनिटांनी आपल्यापुरता दिवा आणि टेबलाचा तुकडा एवढेच उरते. सगळ्यात वरच्या मजल्यावर वाचक आणि त्यांच्या पायाखाली सात मजले पुस्तके, ही रचना पहिले संचालक जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या आराखड्यातली. बिलिंग्ज मूळचे लष्करातले डॉक्टर. मागितलेले पुस्तक लवकरात लवकर हातात पडावे, हा त्यांचा हिशेब. पुढे कित्येक वर्षे मागणीच्या चिठ्ठ्या नळकांड्यांत घालून हवेच्या दाबाने खाली धाडल्या जात. वाचकांना इमारत खुली झाली २४ मे १९११ रोजी. पहिल्या पुस्तकाची चिठ्ठी सकाळी ९ वाजून ८ मिनिटांनी पडली आणि सहा मिनिटांत पुस्तक हजर झाले. पुस्तक रशियन भाषेतले होते. मला यात वेगापेक्षा भाषेचे महत्त्व अधिक वाटते.

मी मागितले बडोद्याच्या ग्रंथालयांवरचे १९२८ सालचे एक इंग्रजी पुस्तक. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली मोफत ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतले, हे आपल्याकडे माहीत आहे. तो इतिहास उगमापाशी बसून वाचावा, एवढीच हौस. पण पुस्तक सहा मिनिटांत आले नाही. दोन दिवस लागले. ते न्यू जर्सीतल्या गोदामात होते.

का, ते शोधले तेव्हा कळले की माझ्या पायाखालचे सात मजले रिकामे आहेत. ती कपाटे काढून त्या जागी देवघेवीचे नवे ग्रंथालय करायची योजना २००८ मध्ये जाहीर झाली. त्यासाठी २०१३ मध्ये पुस्तके हलवली. लेखक-संशोधकांनी पत्रके काढली, प्रकरण कोर्टात गेले, आणि २०१४ मध्ये योजना सोडून द्यावी लागली. पुस्तके मात्र त्या कपाटांत परतली नाहीत. बरीचशी आता शेजारच्या ब्रायंट पार्कच्या जमिनीखाली आहेत. तिथून ती लहान लाल डब्यांच्या विजेच्या गाडीतून वर येतात. माझे त्यांत नव्हते, एवढेच.

त्या दोन दिवसांत मी समोरच्या रस्त्यापलीकडच्या देवघेवीच्या शाखेत बसले. तिथे शाळेतली मुले, नोकरीचे अर्ज भरणारे, नुसते उबेला आलेलेही. तिथल्या बाईंना मी व्यवसायबंधूच्या नात्याने विचारले, उशिराचा दंड किती? त्या म्हणाल्या, २०२१ पासून दंडच नाही. पंधरा डॉलर किंवा अधिक दंड थकल्यामुळे शहरातली सुमारे चार लाख कार्डे बंद पडली होती. म्हणून शहरातल्या तिन्ही ग्रंथालय-संस्थांनी दंड रद्द केला, जुना माफ केला. पुस्तक परत आलेच नाही तर किंमत भरावी लागते, ती वेगळी.

आमच्याकडे दर्शनी भिंतीवर थकबाकीदारांचा फलक होता. नावे मी लिहीत असे. अक्षर चांगले म्हणून ते काम माझ्याकडे. एकदा त्यात नववीतल्या एका मुलीचे नाव आले, पुढे ३८ रुपये. दुसऱ्या दिवशी वडील आले. सुटे पैसे मोजून टेबलावर ठेवले, पावती घेतली आणि म्हणाले, ‘‘बाई, आता तिचं नाव कमी करा. फलकावरचं पण आणि रजिस्टरातलं पण.’’ मी दोन्हीकडे रेघ मारली. चोख हिशेब ठेवल्याचे मला तेव्हा समाधान वाटले होते. आमच्यासारख्या ग्रंथालयात अनुदानातून पगार भागत नाहीत, दंडाच्या रुपयालाही किंमत असते, हे आजही मला मान्य आहे. पण त्या ३८ रुपयांत आम्ही एक वाचक दिला.

बडोद्याचे पुस्तक हाती आले तेव्हा वाचनात लक्ष लागेना. संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, जुन्या सहकाऱ्याला फोन केला. फलक अजून आहे. नावे आता संगणकावर छापून लावतात. परत आल्यावर मी कार्यकारी मंडळाला अर्ज दिला आहे. निदान अठरा वर्षांखालच्या सभासदांचा दंड माफ करावा आणि फलक उतरवावा, अशी त्यात विनंती आहे. मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे.