सही कुणाची, नजर कुणाची?

स्लॅब टाकायच्या दिवशी साइटवर कोण उभे होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा स्लॅब कोसळल्यावर विचारला जातो. बांधकामांवरील देखरेखीच्या गेल्या तीस वर्षांचा मागोवा याच प्रश्नाचे बोट धरून घ्यावा लागतो.

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याचे छत्र होते. परांचीवरच्या बिगाऱ्याला मात्र स्वतःचा असा केंद्रीय कायदा मिळायला १९९६ साल उजाडले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामांना तो लागू झाला. ५०० वा अधिक कामगार असतील तिथे सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी बंधनकारक झाले. महाराष्ट्राने त्याखालचे आपले नियम केले ते २००७ मध्ये. मधल्या अकरा वर्षांत पुण्या-ठाण्याच्या कडेची शेते इमारतींनी भरून गेली. देखरेख म्हणजे मुकादमाचा आवाज आणि मिस्त्रीचा ओळंबा, एवढाच अर्थ बऱ्याच साइटवर उरला होता.

पुढच्या दशकाने एकेक भोक दाखवून दिले. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ जण मेले. वर काम चालू होते आणि खाली माणसे राहायला आली होती. इमारतीला परवानगीच नव्हती, मग पर्यवेक्षक कुठला? नऊ महिन्यांनी, ४ जानेवारी २०१४ ला, गोव्यात काणकोणला बांधकाम चालू असलेली इमारत पडून ३१ जणांचा बळी गेला. जुलै २०१६ मध्ये पुण्यात बालेवाडीला वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि ९ मजूर गेले. जून २०१९ च्या कोंढव्यातल्या घटनेत तर स्लॅबचा संबंधच नव्हता. शेजारच्या सोसायटीची सीमाभिंत मध्यरात्री मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. १५ जण झोपेतच गेले, त्यांत लहान मुलेही होती. मजुरांनी झोपायचे कुठे, हेही देखरेखीतच येते, हे त्या रात्रीने दाखवले.

दरम्यान कागद वाढत होते. २०१७ पासून रेरा कायद्याखाली ताबा दिल्यावर पाच वर्षांत निघालेल्या रचनात्मक दोषाची दुरुस्ती विकासकाच्या गळ्यात पडली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांसाठी एकच विकास नियमावली आली. परवानगीच्या अर्जासोबत परवानाधारक तंत्रज्ञाने देखरेखीची हमी द्यायची, जोते झाले की तपासणीसाठी कळवायचे, शेवटी पूर्णत्वाचा दाखला जोडायचा. यातले काहीच वाईट नाही. पण पालिकेची नजर मुख्यतः दोनदाच पडते, जोत्याला आणि भोगवट्याला. माणसे मरतात ती बऱ्याचदा या दोन टोकांच्या मध्ये.

कारण खरी देखरेख रोजची असते. साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू मानकानुसार चौदा दिवस तरी हलवायचे नसतात. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे लागते. काँक्रीटच्या क्यूब चाचणीचा अंतिम निकाल येतो २८ दिवसांनी, तोवर वर आणखी एखादा स्लॅब टाकून झालेला असतो. नवव्या दिवशी कुणी टेकू काढला, हे कोणत्याही दाखल्यात उमटत नाही. ते तिथे उभ्या असलेल्यालाच दिसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता अमलात आली आणि सुरक्षा अधिकाऱ्यासाठीची अट ५०० वरून २५० कामगारांवर आली. पाऊल योग्य आहे, पण आपल्या गल्लीतल्या सात मजली इमारतीवर एका वेळी अडीचशे माणसे कधीच नसतात. तिथे अजूनही सारा भरवसा महिन्यातून कधीतरी येणाऱ्या सहीवर आणि रोज असणाऱ्या मुकादमावर.

साइटच्या पत्र्यावरचा फलक एकदा नीट वाचून पाहा. विकासक, वास्तुविशारद, आरसीसी कन्सल्टंट, परवाना क्रमांक, सगळे तिथे असते. आजचा स्लॅब कुणाच्या डोळ्यांदेखत पडतोय, ते मात्र त्यावर लिहिलेले नसते.